मुरगांवच्या बंदरांतील ‘एरेनफेल्स’

लंकादहनाची कथा आपल्या घरांतील पांच वर्षांच्या मुलासही सांगतां येते. परंतु आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर, गोमंतकांतील मुरगांव बंदरांत, एका रात्रींत चार मोठीं जहाजें जळून बुडालीं, ही गोष्ट आपल्यापैकीं फारच थोड्यांच्या कानीं गेली असेल. ता. ९ मार्च १९४३ ची ती पहाट होय. चार जहाजांपैकीं तीन जर्मन होतीं व एक इटालियन, चारही मालवाहू, आणि त्यांत मुख्य म्हणजे ‘एरेनफेल्स’. दुसरें महायुद्ध तेव्हां ऐन भरांत होतें हें खरें, पण गोवा त्या युद्धांत नव्हता. गोव्याचे धनी पोर्तुगीज तटस्थ होते. तटस्थाच्या दारांत हीं जहाजें बुडावीं कशीं, हा प्रश्न कोणाच्याही मनांत येईल. त्याचें खरें उत्तर ज्यांना ठाऊक होतें त्यांनीं तें पस्तीस वर्षें ओठांबाहेर पडूं दिलें नाहीं.

आमचें सिहोरा समुद्रापासून फार दूर. येथें पाणी म्हणजे बावनथडीचें, वैनगंगेचें, चांदपूरच्या तलावाचें, किंवा धानाच्या बांधींत उभें राहिलेलें. समुद्राची उठाठेव भंडारा जिल्ह्याच्या माणसानें कां करावी, असें कोणी विचारील. परंतु आमच्या तुमसर तालुक्यांतून समुद्राकडे जाणारी एक जुनी वाट आहे. डोंगरी बुजुर्ग व चिखला येथील खाणींतून निघणारा मँगनीजचा काळा दगड तिरोडी-तुमसरच्या लोहमार्गानें बाहेर पडतो, आणि लहान युद्धावर मोठें युद्ध कोसळण्यापूर्वीं मध्यप्रांताचा हा माल मुंबई, कलकत्ता व पुढें विशाखापट्टण या बंदरांतून युरोपांत जात असे. पोलाद गाळतांना त्यांतील प्राणवायु व गंधक काढून टाकण्यास आणि त्यास चिवटपणा आणण्यास मँगनीज लागतें. त्याविना ना रूळ होतो, ना तोफ, ना जहाजाचा पत्रा. जर्मनीही या मालाचें एक गिऱ्हाईक होतें. तेव्हां जर्मन मालवाहू जहाज हें आम्हांस वाटतें तितकें परकें नव्हे. घरांतील मुलांनीं हा लेख वाचतांना हिंदुस्थानचा नकाशा जवळ घ्यावा. पुढें कलकत्ता, कोची व गोवा हीं तीन स्थळें वारंवार येणार आहेत.

प्रथम नांवांविषयीं थोडें. शिक्षकाची खोड जात नाहीं. ब्रेमेन शहरीं १८८१ सालीं ‘हान्सा’ नांवाची एक जहाज कंपनी निघाली. हिंदुस्थानाशीं माल नेण्या-आणण्याचा तिचा मोठा व्यापार होता, आणि आगगाडीच्या इंजिनांसारखीं अवजड यंत्रें वाहून नेण्यांत तिचा विशेष लौकिक होता. या कंपनीच्या बहुतेक जहाजांचीं नांवें ‘फेल्स’ या शब्दानें संपत. ‘फेल्स’ म्हणजे खडक. ‘एरे’ म्हणजे मान. म्हणून ‘एरेनफेल्स’ म्हणजे आपल्या भाषेंत ‘मानशैल’. त्याच्या शेजारीं नांगरलेलें ‘ड्राखेनफेल्स’ म्हणजे ‘व्यालशैल’, आणि ‘ब्राउनफेल्स’ म्हणजे ‘कपिशशैल’. एरेनफेल्स नांवाच्या एका पडक्या गढीचे अवशेष ऱ्हाइन नदीच्या कांठीं अद्यापि उभे आहेत, व ड्राखेनफेल्स हा त्याच नदीवरील एक डोंगर आहे. चौथें जें इटालियन जहाज, त्याचें नांव ‘आन्फोरा’, म्हणजे दोन कानांचा रांजण. तीन पर्वत आणि एक कुंभ असे एका बंदरांत बसले होते, असें म्हणावयास हरकत नाहीं.

तीं तेथें बसलीं कशीं, याचें कारण सरळ आहे. १९३९ च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस, युद्ध आतां टळत नाहीं असें दिसतांच, बर्लिनहून जगभर पसरलेल्या जर्मन व्यापारी जहाजांस बिनतारी संदेश गेले कीं, स्वदेशीं पोंचतां येत असेल तर पोंचा, नाहींतर जवळच्या तटस्थ बंदराचा आश्रय करा. ता. ३ सप्टेंबरला इंग्लंडनें युद्ध पुकारलें. अरबी समुद्रांत असलेल्या जर्मन कप्तानानें त्या वेळीं कोठें जावें? कराची इंग्रजांची, मुंबई इंग्रजांची, कोची इंग्रजांच्या अमलाखालची, कोलंबो इंग्रजांचें. या सर्व किनाऱ्यावर तटस्थ म्हणावें असें मोठें बंदर एकच, मुरगांव. झुआरी नदीच्या मुखाशीं दक्षिण बाजूस पुढें आलेल्या टेंकडीच्या आडोशाला हें बंदर आहे. पावसाळ्यांतही जेथें मोठें जहाज निर्धास्त उभें राहूं शकतें अशा या किनाऱ्यावरील मोजक्या जागांपैकीं ती एक. तेथें तीन जर्मन जहाजांनीं नांगर टाकले. १९४० च्या जून महिन्यांत इटली युद्धांत उतरल्यावर ‘आन्फोरा’ही त्यांस येऊन मिळालें.

जहाजाचा जन्म चालण्यासाठीं असतो. उबदार खाऱ्या पाण्यांत तें महिनेच्या महिने उभें राहिलें तर त्याच्या तळास शेवाळ व शिंपले धरतात आणि तें जड होतें. बाहेर पडावें तर इंग्रजांच्या युद्धनौका टपलेल्या. आंत राहावें तर मालकाचा पैसा येण्याची वाट बंद. व्यापारी जहाजावरील खलाशी हे कांहीं लढवय्ये नव्हेत. माल चढविणें-उतरविणें, यंत्र चालविणें, रंग देणें हाच त्यांचा धंदा. असे हे ब्रेमेनचे लोक साडेतीन वर्षें गोव्याच्या ताडामाडांकडे पाहत बसले. यांतील ‘एरेनफेल्स’वर मुख्य म्हणून असलेला कप्तान रोफर हा पुढील हकीकतींत एकदांच येतो, आणि तोही मृत्यूच्या ठिकाणीं.

आतां इंग्रजांस या जहाजाची इतकी धास्ती कां वाटावी? तें नुसतें अडकून पडलेलें एक जुनें तारूं असतें तर कोणी त्याच्याकडे पाहिलेंही नसतें. परंतु ‘एरेनफेल्स’ सात हजार सातशें टनांहून मोठें, तेलाच्या इंजिनाचें, वेगवान व नव्या बांधणीचें होतें, आणि त्याचीं भावंडें बदनाम होतीं. त्याच वर्गांतील ‘गोल्डेनफेल्स’ या मालवाहू जहाजावर जर्मन आरमारानें छुप्या तोफा चढविल्या, त्याचें नांव ‘अटलांटिस’ ठेवलें, आणि त्यास समुद्रावर मोकळें सोडलें. आपल्याकडील बहुरूप्याप्रमाणें तें कधीं जपानी तर कधीं दुसऱ्या कोणा राष्ट्राचें सोंग घेई. निशाण, रंग, धुराड्याची उंची, सर्व बदलून तें शिकारीजवळ जाई व मग तोफेवरचा पडदा पाडी. अशा रीतीनें त्यानें २२ जहाजें धरलीं वा बुडविलीं, व त्यांतलीं पुष्कळशीं हिंदी महासागरांत. १९४१ च्या नोव्हेंबरांत इंग्रजी क्रूझर ‘डेव्हनशायर’नें त्यास बुडविलें. दुसरें भावंड ‘कांडेलफेल्स’. त्याचा झाला ‘पिंग्विन’. तेंही हिंदी महासागरांत धुमाकूळ घालून ता. ८ मे १९४१ रोजीं ‘कॉर्नवॉल’ या क्रूझरशीं झालेल्या झुंजींत फुटलें. अशा कुळांतील जहाज मुंबईपासून एका दिवसाच्या वाटेवर उभें आहे, ही गोष्ट दिल्लीच्या सरकारास सुखाची झोंप लागूं देणारी नव्हती.

दुसरा संशय याहून वाईट. या जहाजावर बिनतारी यंत्र आहे, गोव्यांतील हेर मुंबईहून निघणाऱ्या जहाजांच्या वेळा व वाटा कळवितात, आणि त्या बातम्या समुद्रांतील पाणबुड्यांस पोंचविल्या जातात, असें इंग्रजांच्या गुप्त खात्यानें धरून ठेवलें होतें. मुंबईच्या लोकांच्या मनांतही त्या वर्षीं भय होतें, आणि त्यास कारण होतें. ता. २० नोव्हेंबर १९४२ रोजीं ‘तिलावा’ ही आगबोट मुंबईहून पूर्व व दक्षिण आफ्रिकेकडे निघाली. तिच्यावर नऊशेंहून अधिक माणसें होतीं. बहुतेक आपलेच हिंदी उतारू, गुजराती व्यापारी कुटुंबें, बायकामुलें. तीनच दिवसांनीं, ता. २३ च्या पहाटे, जपानी पाणबुडीनें तिच्यावर टॉर्पेडो सोडले. २८० माणसें प्राणांस मुकलीं. वाचलेल्यांस ‘बर्मिंगहॅम’ या युद्धनौकेनें उचलून मुंबईस आणलें. ज्या घरांतील माणसें अशा बोटींवर होतीं त्यांस ‘तटस्थ बंदराचे कायदे’ हे शब्द किती पोकळ वाटले असतील, हें आपण लक्षांत ठेवलें पाहिजे. आम्ही पुढें कांहीं कठोर लिहिणार आहों. म्हणूनच तें आधीं येथें नमूद करतों.

तो कायदा तरी काय होता? १९०७ सालीं हॉलंडांतील हेग नगरीं राष्ट्रांची परिषद भरून समुद्रावरील युद्धांत तटस्थांचे हक्क ठरविण्यांत आले. त्याचें सार असें कीं, तटस्थ राष्ट्राच्या पाण्यांत कोणत्याही लढणाऱ्या पक्षानें शत्रूवर हत्यार चालवूं नये. व्यापारी जहाजानें तेथें आश्रय घेण्यास हरकत नाहीं. पण त्याच करारांत दुसरीही एक अट आहे: लढणाऱ्या पक्षानें तटस्थाच्या बंदरास युद्धाचा तळ करूं नये, आणि तेथें युद्धाच्या बातम्या पाठविण्यासाठीं बिनतारी ठाणें उभारूं नये. म्हणजे एरेनफेल्सवरून खरोखरच बातम्या जात असतील, तर शरण आलेल्यानें यजमानाच्या घरांतून दगड मारण्यास आरंभ केला होता. इंग्रजांनीं रीतसर तक्रार केली असती तर ती पोर्तुगीजांकडे करावी लागली असती. परंतु पोर्तुगालशीं त्यांचा स्नेह चौदाव्या शतकापासूनचा, आणि त्या राष्ट्राचा सूत्रधार सालाझार हा दोन्ही बाजूंस राखून चालणारा. अटलांटिकमधील अझोर बेटांवर विमानतळ मिळावा म्हणून इंग्रज त्याच काळांत त्याची मनधरणी करीत होते; तो त्यांस १९४३ च्या उत्तरार्धांत मिळाला. अशा वेळीं गोव्यांत उघड शिपाई घुसविणें म्हणजे स्वतःच्या हातानें स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणें होतें.

तेव्हां युक्ति निघाली ती अशी कीं, शिपाई घुसवायचेच नाहींत. ‘स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह’ या गुप्त खात्याच्या हिंदुस्थानांतील शाखेंत लेफ्टनंट कर्नल लुइस प्यू हा अधिकारी होता. त्यानें कलकत्त्याच्या ‘कलकत्ता लाइट हॉर्स’ या हौशी पलटणीकडे दृष्टि वळविली. या पलटणीनें लढाई पाहिली होती ती शेवटची बोअर युद्धांत, म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीं. तिचे सभासद म्हणजे तागाचे व्यापारी, चहाचे दलाल, हिशेबनीस, बँकांतील अधिकारी. संध्याकाळीं क्लबांत बसावें, रविवारीं घोडा फिरवावा, असे हे लोक. त्यांपैकीं कित्येकांचें वय सैन्यांत घेण्याच्या मर्यादेपलीकडे गेलेलें. पलटणीचा मुख्य बिल ग्राइस यानें त्यांतून चौदा माणसें निवडलीं, व ‘कलकत्ता स्कॉटिश’ या तशाच दुसऱ्या पलटणींतून चार घेतलीं. हे अठराजण पकडले गेले असते तर ‘सुटींत दारू पिऊन कांहीं व्यापाऱ्यांनीं हा धिंगाणा केला, सरकारास त्याची वार्ताही नाहीं’, असें सांगण्याची सोय होती. सरकारी हिशेब कसे मांडले जातात याचा हा एक उत्तम नमुना होय.

पुढील हकीकत बहुतांशीं जेम्स लीझर या इंग्रज लेखकाच्या पुस्तकांत आली आहे. ही मंडळी कलकत्त्याहून लहान लहान टोळ्यांनीं आगगाडीनें कोचीस गेली. घरीं बायकांस सांगितलें कीं लष्करी शिक्षणाच्या वर्गास जातों. हुगळी नदींतील गाळ वाहण्याचें ‘फीबी’ नांवाचें एक बोजड बार्ज नौदलांतून निवृत्त झालेल्या कमांडर बर्नार्ड डेव्हिस यानें सिंहलद्वीपास वळसा घालून कोचीस आणलें. ज्यांनीं असलें बार्ज पाहिलें असेल त्यांस कळेल कीं त्यांत बसून भर समुद्रांतून जाणें म्हणजे डोणग्यांत बसून वैनगंगेचा पूर ओलांडण्यासारखें आहे. त्यांत चढून हे अठरा पन्नाशीकडे झुकलेले गृहस्थ मार्चच्या पहिल्या आठवड्यांत उत्तरेस निघाले.

त्यांचा एक माणूस आधींच गोव्यांत जाऊन बसला होता. मुहूर्त त्यांनीं मोठा हिशेबानें धरला. ख्रिस्ती लोकांच्या चाळीस दिवसांच्या व्रताआधीं गोव्यांत ‘कार्निव्हाल’ नांवाचा उत्सव होतो, आपल्याकडील शिमग्यासारखा. आणि त्या वर्षीं त्याचे दिवस ता. ६ ते ९ मार्च असे आले होते. शके १८६४ च्या फाल्गुन शुद्ध पक्षाचा आरंभ. चंद्राची कोर सायंकाळींच मावळणारी. पुढें रात्रभर काळोख. बंदरांतील सर्व जहाजांच्या खलाशांस किनाऱ्यावर फुकट मौज करण्याचें आमंत्रण देण्यांत आलें. त्या मौजेचें स्वरूप या मासिकांत वर्णन करण्याचें कारण नाहीं. पैसा सरकारचा होता एवढें सांगितलें म्हणजे पुरे. पुष्कळसे खलाशी त्या आमिषानें जहाजें सोडून गेले. दीपस्तंभ व वाट दाखविणाऱ्या बोयांवरील दिवेही त्या रात्रीं लागले नाहींत.

मध्यरात्र उलटल्यावर ‘फीबी’ झुआरीच्या मुखांत शिरलें. पर्वतप्राय ‘एरेनफेल्स’च्या अंगास तें लागलें तेव्हां वरून कोणीतरी हांक मारली. शिड्या लागल्या, व्यापारी मंडळी हातांत स्टेनगन घेऊन वर चढली. जहाजावरही तयारी होती. असा प्रसंग आज ना उद्यां येणार हें ओळखून जर्मनांनीं जागोजागीं जळाऊ पदार्थ ठेवले होते, व तळाच्या झडपा उघडून पाणी आंत घेण्याची व्यवस्था केली होती. थोड्याच वेळांत गोळीबार, ज्वाला व किंकाळ्या यांचा एकच कल्लोळ झाला. कप्तान रोफर व त्याचे कांहीं सोबती मारले गेले. हल्लेखोरांपैकीं एकही मेला नाहीं. बिनतारी यंत्राची खोली त्यांच्या हातीं आली, पण जहाज आलें नाहीं. तें बुडत होतें, आणि बुडविणारे त्याचेच खलाशी होते. मूळ बेत जहाज ओढून नेण्याचा असेल तर तो तेथेंच फसला. ‘फीबी’ कसेंबसें सुटून काळोखांत मागें फिरलें. तेवढ्यांत ‘ड्राखेनफेल्स’, ‘ब्राउनफेल्स’ व ‘आन्फोरा’ यांवरील लोकांनीं ती आग पाहिली. इंग्रजांचें आरमार आलें, आतां आपली पाळी, असें समजून त्यांनीं आपापल्या जहाजांस स्वतःच आग लावली व झडपा उघडल्या. उजाडतांना वास्को शहरच्या लोकांनीं पाहिलें तें चार जळतीं जहाजें आणि बंदरावर पसरलेला धूर. वाचलेले खलाशी किनाऱ्यास लागले व पोर्तुगीजांच्या अटकेंत पडले.

जगास सांगण्यांत आलें कीं, जर्मनांनीं आपलीं जहाजें आपणच बुडविलीं. धर्मराजानें अश्वत्थाम्याविषयीं जें वाक्य उच्चारलें त्याच्याच जातीचें हें सत्य. चारही जहाजांच्या झडपा जर्मन व इटालियन हातांनींच उघडल्या होत्या, यांत तिळमात्र खोटें नव्हतें. फक्त वाक्याचा उरलेला अर्धा भाग शंखनादांत बुडविला होता. अठराजण कलकत्त्यास परतले आणि आपापल्या कचेरींत जाऊन बसले. पदक कोणास मिळालें नाहीं, कारण पदक द्यावयाचें तर पराक्रमाचें स्थळ लिहावें लागतें.

महाभारत वाचणाऱ्या घरांत ही हकीकत सांगूं लागलें कीं सौप्तिक पर्वाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. रात्रीचा हल्ला, बेसावध शिबिर, आणि नंतर उजाडतांना दिसणारी राख. तेथें कृपाचार्य भाच्याला विनवितात कीं झोंपलेल्यांस मारणें हा धर्म नव्हे. अश्वत्थामा उत्तर देतो तें असें कीं, धर्माचा बांध त्यांनींच आधीं फोडला, आतां मला धर्म कोण शिकवितो? मुरगांवच्या प्रकरणांत इंग्रजांच्या बाजूनें जें जें लिहिलें जातें तें शेवटीं याच उत्तरापाशीं येऊन थांबतें: तटस्थतेचा भंग जर्मनांनीं आधीं केला. आम्ही तें उत्तर हंसण्यावारी नेत नाहीं. बुडत्या बोटींतील माणसास तें पुरेसें आहे. परंतु तें उत्तर टिकावयाचें तर आधींचा भंग सिद्ध व्हावा लागतो, आणि तेथें आमच्या मतें लीझर यांचें पुस्तक पुराव्याहून पुढें धांवतें. त्या रात्रीनंतर अरबी समुद्रांतील जहाजबुडी एकदम कमी झाली, असें त्यांचें म्हणणें. आतां तारखा पाहाव्या. ‘तिलावा’ बुडविली ती जपानी पाणबुडीनें, जर्मन नव्हे. १९४३ च्या आरंभीं जर्मन पाणबुड्यांचा जोर दक्षिण आफ्रिकेच्या टोंकाशीं व मोझांबिकच्या बाजूस होता. ‘मोन्सून’ म्हणजे मोसमी वारा, हेंच नांव दिलेली जर्मन पाणबुड्यांची तुकडी अरबी समुद्रांत आली ती त्याच वर्षीं पावसाळा संपल्यावर. तेव्हां ‘एरेनफेल्स’ तळाशीं जाऊन सहा महिने झाले होते. आणि ता. १२ फेब्रुवारी १९४४ रोजीं मालदीव बेटांजवळ ‘खेडिव्ह इस्माइल’ हें सैनिकांनीं भरलेलें जहाज जपानी पाणबुडीनें बुडविलें, त्यांत सुमारें तेराशें माणसें गेलीं. मुरगांवचें यंत्र मुकें झाल्यानें समुद्र शांत झाला असता तर हें झालें नसतें.

एक गोष्ट मात्र इंग्रजांच्या बाजूची निर्विवाद आहे. ‘अटलांटिस’ व ‘पिंग्विन’ यांचें भावंड पुन्हां कधीं समुद्रावर निघूं शकलें नाहीं. एवढ्याच हेतूनें ही मोहीम काढली असें ते म्हणते, तर आम्हांस त्यांचें म्हणणें अधिक पटलें असतें. बाकी रोफर कप्तानाचा विचार मनांतून जात नाहीं. तो हेर होता असें धरलें, तरी तो आपल्या जहाजाच्या फळीवर, ज्या पाण्यांत कोणीही त्याच्यावर हत्यार धरावयाचें नव्हतें अशा पाण्यांत पडला. आणि तो हेर नव्हता असें धरलें, तर त्याचा अपराध एवढाच कीं त्यानें वरिष्ठांची आज्ञा मानून जवळचें बंदर गांठलें. शिबि राजाच्या मांडीवर आलेल्या कबुतरानें ससाण्याविरुद्ध काय कट केला होता, हें राजानें विचारलें नव्हतें. पण सालाझार हा शिबि नव्हता, आणि गोव्याचे गव्हर्नर तर नव्हतेच.

तारखांचाच विषय निघाला म्हणून आणखी एक सांगतों. पहिल्या महायुद्धांतही पोर्तुगाल आरंभीं तटस्थ होतें, आणि तेव्हांही जर्मन जहाजें मुरगांवांत येऊन अडकलीं होतीं. १९१६ च्या फेब्रुवारींत इंग्लंडच्या आग्रहावरून पोर्तुगालनें आपल्या बंदरांतील जर्मन जहाजें जप्त केलीं. त्यावर संतापून जर्मनीनें पोर्तुगालशीं युद्ध पुकारलें तो दिवस ९ मार्चच. सत्तावीस वर्षांनीं त्याच तारखेस मुरगांवचें पाणी पुन्हां पेटलें. ज्योतिषी यांत कांहीं पाहतील; आम्ही केवळ योगायोग पाहतों.

बंदराचें नशीबही विलक्षण. या अग्निकांडानंतर सातच महिन्यांनीं, १९४३ च्या ऑक्टोबरांत, तटस्थतेचा मान राखून तेथें एक सोहळा झाला. ‘ग्रिप्सहोम’ हें स्वीडनचें जहाज अमेरिकेंतून जपानी लोकांस घेऊन आलें, ‘तेइआ मारू’ हें जपानी जहाज पूर्वेकडे अडकलेल्या अमेरिकन व कानडियन लोकांस घेऊन आलें, आणि दोन्ही बाजूंचीं हजारांहून अधिक माणसें, त्यांत मिशनरी, व्यापारी, लेंकुरवाळ्या बायका, एका जहाजावरून दुसऱ्यावर बदलून घरोघर गेलीं. ज्या धक्क्याजवळ मार्चमध्यें माणसें मेलीं तेथेंच ऑक्टोबरांत माणसें सुटलीं. पुढें ता. १८ डिसेंबर १९६१ रोजीं याच पाण्यांत पोर्तुगीजांची ‘आफोंसो द अल्बुकर्क’ ही युद्धनौका भारतीय नौदलाच्या माऱ्यानें घायाळ होऊन किनाऱ्यावर चढली, व दुसऱ्या दिवशीं गोवा मुक्त झाला.

‘कलकत्ता लाइट हॉर्स’ १९४७ सालीं विसर्जित झाली. तिच्यांतील म्हातारे एकेक करून विलायतेस गेले, आणि १९७८ सालीं लीझर यांचें ‘बोर्डिंग पार्टी’ हें पुस्तक लॉर्ड माउंटबॅटन यांच्या प्रस्तावनेसह निघालें तेव्हां त्यांच्या तोंडावरील कुलूप प्रथम उघडलें. त्यावरून १९८० सालीं ‘द सी वुल्व्ह्ज’ नांवाचा इंग्रजी बोलपट निघाला. त्याचें चित्रण गोव्यांतच झालें. ग्रेगरी पेक व डेव्हिड निव्हन हे त्यांतले प्रमुख नट तेव्हां साठी ओलांडलेले होते. आमच्याच वयाचे ते गृहस्थ दोरखंडाच्या शिडीवरून खटपटत चढतांना पाहून आमच्या घरांतील मंडळींस फार गंमत वाटली.